चाळीस सेकंद

बालाजीचा फोन आला तेव्हा मी रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत होते. उमरग्याच्या एका लॅबमध्ये मी तपासनीस आहे. सकाळी सात ते दहा आमच्याकडे उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग असते आणि त्या वेळात मी कुणाचा फोन घेत नाही. पण बालाजी कॉलेजातला जुना वर्गमित्र, म्हणून घेतला. तो म्हणाला, "कलशेट्टी सर गेले गं मागच्या महिन्यात. त्यांच्यावर आठवणींचं पुस्तक काढायलोत. तू दोन शब्द लिहून दे."

माझ्याकडे सरांबद्दल दोन शब्द गेली कित्येक वर्षं तयार आहेत, पण ते छापता येण्यासारखे नाहीत. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाय."

हा रिवाज मलाही माहीत आहे. सरांना मात्र तो मान्य नव्हता. आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक वारले तेव्हा शोकसभेत प्राचार्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. कलशेट्टी सर मागून मोठ्यानं म्हणाले, "त्ये स्वतः वर्गात कधी दोन मिनिटं उभे न्हवते, आपण कशाला ऱ्हायचं?" आणि खरंच बसून राहिले. तेव्हा त्यांच्याच रिवाजाने मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे. बालाजीला छापायचं तर छापू दे.

सर मुरूमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. ठेंगणे, काटक, कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू असायच्या: एक पेन, एक बारीक चिमटा आणि एक चपटी पत्र्याची डबी. त्यांना मधुमेह होता आणि डबीत सॅकरिनच्या, म्हणजे साखरेऐवजी घ्यायच्या गोड गोळ्या असायच्या. चहा आला की दोन गोळ्या टाकायच्या आणि त्याच चिमट्याच्या मागच्या टोकाने ढवळायचं. चिमटा सकाळी कुठल्या किड्याच्या पोटात होता, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं असायचं. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असे, त्याला हे एक कारण होतं. दुसरं कारण त्यांचं तोंड.

विद्यार्थ्यांना ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. "ए आलूर, फळा पूस." "ए जळकोट, दात काढू नको." आलूर म्हणजे बालाजी, जळकोट म्हणजे मी. तीन वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. घरात कानडी बोलायचे, त्यामुळे चिडले की मराठीतून कानडीत घसरायचे, आणि वर्गात फार गडबड झाली की टेबलावर हात आपटून "साकु!" म्हणायचे. साकु म्हणजे पुरे. तो शब्द ऐकला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पाय जवळ घ्यायची.

त्यांचा जीव कशात असेल तर माशीत. माशी म्हणजे फळांच्या गाड्यावर बसते ती मोठी, निळसर चमकणारी माशी. माणूस, झाड, देव यांच्याबद्दल ते कधी चांगलं बोलल्याचं मी ऐकलं नाही. माशीबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. दर वर्षी दुसऱ्या सत्रात ते माशीच्या उडण्याचं प्रॅक्टिकल घेत. कॉलेजचे शिपाई मौलामामा आदल्या दिवशी बाजारातून, आंब्याच्या सालींच्या ढिगावरून माश्या पकडून आणायचे. त्यांना रात्रभर नुसत्या पाण्यावर ठेवायचं. सकाळी सरबतवाल्याकडचा बर्फ आणून त्यावर माश्यांची नळी ठेवली की त्या बधिर व्हायच्या. मग पाठीवर मेणाचा एक कण लावून त्यात टाचणी रोवायची आणि टाचणी स्टँडला अडकवायची. माशी शुद्धीवर यायची ती अधांतरी. पायाखाली कागदाचा कपटा दिला की त्यावर गप्प उभी राहायची. कपटा काढला की तत्क्षणी पंख सुरू.

"बघितलं?" सर म्हणायचे. "पायाखालची जमीन गेली की उडती. कुणाला इचारत न्हाय, अर्ज देत न्हाय. तुमच्या पायाखालनं कागद काढला तर तुमी काय करताल? रडताल."

मग ते खडू घेऊन फळ्याकडे वळत. मला त्या माणसाचा राग आहे, पण असं शिकवणं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही, हेही इथेच लिहून टाकते. माशीची छाती म्हणजे एक डबी. डबीत दोन जातीचे स्नायू, एक उभे, एक आडवे. पंखाला ते थेट बांधलेलेच नाहीत. डबी चेपते आणि फुगते, आणि तिच्या कडेला असलेले पंख आपोआप खाली-वर होतात. "आता हे उभे आन् आडवे म्हंजे भावकी," सर सांगायचे. "एकानं वढलं की दुसरा ताणतो. ताणलं की त्याला राग येतो आन् त्यो वढतो. मग पयला ताणतो. मेंदूनं एकदा हाक दिली की ह्यांचं पाच-धा येळा चालतंय. भांडण एकदा लावून द्यावं लागतं, पुढं त्ये आपलं आपण चालतं." वर्ग हसायचा. मुरूमच्या आसपास भावकी काय असते ते कुणाला सांगावं लागत नाही.

दुसरा तास इंधनाचा असायचा. आपण पळालो की पोटऱ्यांत गोळे येतात, कारण श्वास रक्तात जातो, रक्त पायात जातं, आणि तोवर हवा कमी पडते. माशीला हा द्राविडी प्राणायाम नाही. तिच्या अंगात हवेच्या बारीक नळ्या आहेत, त्या स्नायूच्या आतपर्यंत जातात. आणि स्नायूच्या आत चुलीच चुली, शेकडो तंतुकणिका खेटून बसलेल्या. त्या साखर जाळतात. हवा कधी कमी पडत नाही, म्हणून धूर साठत नाही, म्हणून माशीचा उडायचा स्नायू दमत नाही. "लक्षात ठिवा," सर खडू टेबलावर ठोकत म्हणायचे, "माशी दमत न्हाय. संपती. दमणं येगळं, संपणं येगळं. दमल्याला इसावा लागतो. संपल्याला साखर लागती."

आणि ते दाखवायचे. उपाशी माशी अर्धा-पाऊण तास उडत राहायची. सर कान तिच्या इतका जवळ नेत की वाटे चिकटेल. "सूर उतरला," ते म्हणायचे, आणि खरंच, गुणगुण जड होत जायची आणि माशी थांबायची. कागद काढला तरी पंख हलायचे नाहीत. मग साखरेच्या पाण्याचा एक थेंब काडीच्या टोकावर घेऊन तिच्या तोंडाशी धरायचा. ती सोंड बाहेर काढून प्यायची आणि आम्ही घड्याळ बघायचो. साधारण चाळीस सेकंदांत पंख पुन्हा सुरू. ती मेली असं ज्याला वाटलं होतं, तो दर वर्षी एखादा तरी ओरडायचाच.

त्यानंतरचा त्यांचा नियम कडक होता. प्रॅक्टिकल संपलं की प्रत्येक माशीला पोटभर साखर पाजल्याशिवाय कुणी हात धुवायला जायचं नाही. "जिच्याकडनं काम घेतलं तिला उपाशी ठिवायची न्हाय." एकदा एक मुलगी विसरून गेली तर तिला येणेगूरच्या बसमधून उतरवून मौलामामांनी परत आणलं होतं.

माणसांच्या बाबतीत असा नियम नव्हता. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक पाहुणे आले होते, मोठे बागायतदार, कॉलेजला मदत करणारे. त्यांनी भाषणात सांगितलं की विद्यार्थ्यांनी मधमाशीसारखं न थकता काम करावं. टाळ्या झाल्या. सर पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मधमाशी थकत न्हाय कारण निघताना पोटात मध भरून निघती. तुमी ह्यांच्या पोटात काय भरलंय त्ये आधी सांगा." पाहुणे हसले, कारण दुसरं काय करणार. प्राचार्यांनी सरांशी महिनाभर बोलणं टाकलं. सरांना ते महिनाभर कळलंच नाही, असं मौलामामा सांगायचे.

माझ्या वाट्याला पहिल्यांदा ते आले सेमिनारमध्ये. टोळधाड एवढ्या लांब कशी उडते, हा माझा विषय होता. टोळ आधी साखर जाळतो आणि मग हळूहळू चरबीवर येतो, हे मी चार रात्री जागून पाठ केलं होतं. अर्ध्यावर आल्यावर माझी जीभ अडखळली. सरांनी डोळे मिटून कान माझ्याकडे केला आणि वर्गाला म्हणाले, "सूर उतरला. जळकोटचं इंधन संपलं. बसवा तिला." सगळे हसले. चरबीपर्यंत मी पोहोचलेच नाही. त्या दिवशी बसमध्ये जळकोट येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते, आणि घरी गेल्यावर आईला सांगितलं की डोळ्यात धूळ गेली.

पण अभ्यास मी सोडला नाही, कारण माझं सोलापूर ठरलं होतं. माझ्या वडिलांचं जळकोटला हायवेवर चहाचं हॉटेल आहे. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेली मीच पहिली. एम.एस्सी.ला सोलापूरला जायचं, हॉस्टेलवर राहायचं, असं मी म्हटलं तेव्हा वडील दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी कप विसळता विसळता म्हणाले, "एका झटक्यात पास झालीस तर सोलापूर. न्हायतर बास." वडिलांचं बोलणं असंच. बाजारात त्यांच्या शब्दावर माल मिळतो आणि तो शब्द ते घरातही मोडत नाहीत. मी हो म्हटलं. मला भीती नव्हती. मी वर्गात पहिल्या तिघांत होते.

शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा. स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या ठेवलेल्या असायच्या, जी निघेल तो प्रयोग. माझ्या चिठ्ठीवर "माशी" होतं. मला हसूच आलं. हा प्रयोग मी तीन वेळा केला होता. आमच्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये उत्तर होतं: चाळीस सेकंद. आमच्या आधीच्या वर्गाच्या जर्नलमध्येही चाळीस, त्यांच्या आधीच्यांतही चाळीस, कारण मुरूमच्या कॉलेजात जर्नल मोठ्या भावाच्या शर्टासारखी खाली उतरत येते. आकडा कुणी मोजायचा प्रश्न नव्हता. तो ठरलेला होता. सहाजणांना माशी आली. त्यात बालाजीही होता, ज्याला तीन वर्षांत एकदाही बरोबर उत्तर सांगता आलं नव्हतं.

माझी माशी अर्ध्या तासाने थांबली. मी "साखर-पाणी" लिहिलेल्या बाटलीतून थेंब घेतला, तिच्या तोंडाशी धरला आणि वेळ वाचवायला वहीत आकृती काढायला लागले. मान वर केली तर माशी तशीच. दुसरा थेंब दिला. तशीच. मला वाटलं, माझी माशी अशक्त आहे. उत्तर तर सगळ्यांना माहीत आहे, एका अशक्त माशीपायी मी कशाला मार्क घालवू? पण सगळ्यांनीच चाळीस लिहिलं तर बरं दिसणार नाही, म्हणून मी बेचाळीस लिहिलं. वरचे दोन सेकंद माझ्या प्रामाणिकपणाचे.

बाहेरून आलेले परीक्षक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, त्यांना लातूरची बस गाठायची होती. सरांनी माझी वही घेतली.

"किती?"

"बेचाळीस, सर."

"बघितलंस?"

"हो, सर."

"हं," म्हणाले आणि वही बंद केली.

शेवटी त्यांनी आम्हा सहाजणांना टेबलाभोवती उभं केलं. खिशातून ती डबी काढली आणि कानाशी खुळखुळ वाजवली. "बाटलीत साखर न्हवती," ते म्हणाले. "हे हुतं. जिभेला गोड, चुलीला इंधन न्हाय. माशीनं सोंड लावली आन् काढून घेतली. माशीला कळलं. तुमाला न्हाय कळलं." मग त्यांनी बालाजीची वही उघडून वाचली: "माशी उडाली नाही. बहुतेक मेली असावी." बालाजी घाबरून भिंतीला चिकटला होता. त्याला पूर्ण मार्क मिळाले. आम्हा पाचजणांना त्या प्रयोगाचं शून्य, आणि शून्य घेऊन प्रॅक्टिकलमध्ये पास होता येत नव्हतं.

मी तरीही बोलले. "सर, बाटलीवर साखर लिहिलं होतं."

"माशीला वाचायला येत न्हाय," ते म्हणाले.

"सर, मला घरून पुन्हा पाठवणार नाहीत."

"त्ये मला सांगू नको. आकडा तू लिवलास, मी न्हाय."

परीक्षकांनी सही केली आणि बस गाठायला गेले. आम्ही बाहेर पडलो. फाटकाजवळ आल्यावर माझी कंपासपेटी आत राहिल्याचं लक्षात आलं. लॅबच्या दारात गेले तर आत सर एकटेच होते. त्यांच्यासमोर सहा स्टँड ओळीने मांडलेले आणि हातात दुसरी बाटली. ते एकेका माशीला थेंब पाजत होते, घड्याळ बघत होते, कान लावून ऐकत होते. पाच माश्या गुणगुणायला लागल्या. सहावी माझी होती. तिच्यासमोर ते बराच वेळ वाकून उभे राहिले. मग मला बघून म्हणाले, "ही गेली. तुमच्यापायी लई ताटकळल्या." मी कंपासपेटी घेतली आणि आले. पाची माश्यांना शेवटी साखर मिळाली, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघ, कसा हळवा माणूस. मला ते ऐकायचं नव्हतं.

निकालानंतर वडील स्वतः मुरूमला गेले. काय बोलले ते मला पुष्कळ वर्षांनी मौलामामांनी सांगितलं. मामांची निवृत्ती झाली होती, साखर तपासायला ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, "बेटी, तुझ्या बापानं टोपी काढून हातात धरली हुती. सायेब बोलले, पोरगी हुशार हाय, पर खोटं लिवती. बस, इतनाच. तुझा बाप टोपी घालून चालता झाला." ते ऐकलं आणि मला इतक्या वर्षांचा हिशेब लागला. नापास झालेल्या मुलीला वडिलांनी कदाचित अजून एक संधी दिली असती. खोटं लिहिणाऱ्या मुलीला ते सोलापूरला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. मला ते काही बोलले नव्हते. फक्त म्हणाले होते, "ठरलं हुतं त्ये ठरलं हुतं." पुढच्या वर्षी मी परीक्षा देऊन पास झाले, मग उमरग्यात लॅबचा कोर्स केला आणि तेव्हापासून लोकांच्या बोटातून रक्त काढते आहे.

लोक मला सांगतात, सरांमुळे तू बिनचूक झालीस. आमच्या लॅबमध्ये माझ्या हाताखालून एक चुकीचा आकडा गेलेला नाही, हे खरं आहे. डॉक्टर माझ्या चिठ्ठीवर पुन्हा तपासणी मागत नाहीत. पण त्यासाठी त्यांचे आभार मानावेत असं मला वाटत नाही. कागद काढला की माशी उडते, कबूल. पण माशीला टाचणीला अडकवलेलं असतं, ती उडून कुठे जात नाही, हे सर कधी फळ्यावर लिहीत नसत.

त्यांची शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची. चैत्रातला रविवार, दुपारी बाराचं ऊन. सुट्टीच्या दिवशी मी जळकोटला हॉटेलात वडिलांना मदत करते. उमरग्याहून सोलापूरला जाणारी एक बस आमच्या समोरच बंद पडली आणि माणसं चहाला आत आली. एकजण आत आला नाही. बाहेरच्या बाकावर बसला आणि हवेशी भांडायला लागला, कानडीत. शर्टाला इस्त्री होती, पण घामाने पाठीला चिकटला होता. "सकाळीच टाकून आलंय जणू," कुणीतरी म्हणालं.

मी खिशाकडे बघितलं आणि ओळखलं. पेन, चिमटा. डबी हातात होती. सर त्या डबीतल्या गोळ्या काढून एकामागून एक तोंडात टाकत होते. हात इतका थरथरत होता की निम्म्या मातीत पडत होत्या. सकाळी इन्शुलिन घेतलं असणार, बस अडकली, जेवण राहिलं आणि अंगातली साखर पार खाली गेली. असले पेशंट मी रोज बघते. उरलेल्या शुद्धीने त्यांनी गोड काहीतरी शोधलं होतं आणि हाताला ते लागलं होतं. ओठांवर पांढरी पूड होती.

आता खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिते. मी पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभी राहिले आणि बघत राहिले. मला बरं वाटलं. किती वेळ ते मी मोजलं नाही, पण वाटलं.

"बघत काय हुबी ऱ्हायलीस?" गल्ल्यावरून वडील म्हणाले. त्यांनीही ओळखलं होतं, मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "साखर घाल." आणि बरणी माझ्यापुढे सरकवली.

मी पाच चमचे साखर ग्लासात ढवळली. सवयीने घड्याळ बघितलं, बारा वाजून सात मिनिटं. ग्लास त्यांच्या तोंडाशी धरला तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"काय हाय ह्यात?"

"साखर."

"कशावरनं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ग्लास त्यांच्या अंगावर ओतावा असं वाटलं. पण मी त्यांच्या देखत एक घोट घेतला, गिळला आणि ग्लास पुन्हा पुढे केला. मग ते प्यायले. वडिलांनी त्यांच्या मानेखाली दुमडलेला टॉवेल ठेवला. मी दुसरा ग्लास केला. तो अर्धा झाल्यावर त्यांनी हाताने बाजूला सारला आणि म्हणाले, "साकु." आवाज जुना होता.

ते नीट बसले. शर्टाचं बटण लावलं. ओठांवरची पूड पुसून बोटाकडे बघितलं, मग मातीत पडलेल्या गोळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"जळकोट," ते म्हणाले.

"होय, सर."

"किती येळ लागला?"

"अकरा मिनिटं."

"बघितलंस?"

"बघितलं. बारा सात ते बारा अठरा."

त्यांनी मान हलवली. "माशीला चाळीस सेकंद," म्हणाले, आणि त्यात माशीचं कौतुक होतं. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "तवा बघितलं असतंस तर."

मी ग्लास विसळायला उचलला होता, तो बाकावर ठेवला. "तवा बाटलीत साखर असती तर, सर."

त्यांनी डबीचं झाकण लावून ती खिशात ठेवली. मागून दुसरी बस आली, बंद पडलेल्या बसमधले लोक धावत सुटले, आणि सरही उठले. ते आभार मानणार नाहीत हे मला माहीत होतं. मीही "जपून जा" म्हणाले नाही. वडिलांनी मात्र वर्तमानपत्राच्या तुकड्यात मूठभर साखर बांधून पुडी त्यांच्या हातात कोंबली. "वाटेत लागंल," म्हणाले. सर त्यांच्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी वडिलांना ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही.

त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. बस सुरू व्हायला वेळ होता. मी ग्लास हातात घेऊन तिथेच उभी होते. सरांनी मांडीवर पुडी उघडली, बोटाच्या टोकाला चार दाणे लावले, जिभेवर ठेवले आणि डोळे मिटून चव घेतली. मग पुडीला नीट घडी घालून ती डबीशेजारी, त्याच खिशात ठेवली.